उजव्या पायाची साक्ष

दि. ३ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

सात महिने पत्र नाही, त्याबद्दल आधी माफी. कारण द्यायचं म्हणून तीन कारणं लिहिली आणि खोडली. तिन्ही खरी होती, पण पुरेसं एकही नव्हतं. दवाखान्यातून घरी आले की हात पेनापर्यंत जातो आणि परत मांडीवर येतो, एवढंच. रोजची डायरीसुद्धा दोन ओळींवर आली आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू हसतोस, मग मीही हसते आणि सांगायचं राहून जातं.

तर ऐक, आणि लगेच वहिनीला सांगत सुटू नकोस. गेली एकोणीस वर्षं मी विनापरवाना मोटरसायकल चालवत होते.

जानेवारीत आमच्याकडे नव्या मोठ्या सिस्टर आल्या. घरोघरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शनं करणाऱ्या आम्हा सगळ्या नर्सेसच्या लायसन्सच्या झेरॉक्स त्यांनी मागितल्या. गोळा करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. दोघींची मुदत संपलेली मी पकडली, त्यांना चार शब्द सुनावले. मग माझं कार्ड मशीनवर ठेवलं. कागद बाहेर आला आणि त्यावर ओळ होती: गिअर नसलेली दुचाकी. दादा, बाबांनी ते कार्ड हातात दिलं तेव्हापासून ते माझ्या पर्समध्ये आहे. मुदत संपली तेव्हा नवं करून मीच आणलं. फोटो पाहिला, पत्ता पाहिला, रक्तगट पाहिला. तेवढी एक ओळ वाचली नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल तीनदा वाचणारी मी.

त्याच पावली जाऊन मोठ्या सिस्टरांना सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या की मार्चअखेरपर्यंत लायसन्स आणा, तोवर कामावर गाडी नाही. नाही आणलं तर मला नोंदणीच्या टेबलावर बसवतील आणि डोंगराकडची फेरी बंद करतील, कारण तिकडे जायला दुसरी कुणी तयार नाही. सहा पेशंट आहेत तिकडे. सध्या बसने जाते, शेवटच्या थांब्यापासून पाऊण तास चढते, आणि सहापैकी तिघांकडेच पोचते.

शिकाऊ परवाना काढला. गाडीला पुढेमागे लाल एल चिकटवला. परवा परीक्षा झाली. मैदानात चुन्याने आठचा आकडा काढलेला, त्यातून पाय न टेकता गाडी फिरवायची. रांगेतल्या एका मुलीने मला विचारलं, काकू, कुणाबरोबर आलात? तुझ्या जन्माआधीपासून ही गाडी चालवते असं सांगणार होते, पण तो गुन्ह्याचा कबुलीजबाब झाला असता.

दुसऱ्या वळणावर माझा उजवा पाय टेकला. परीक्षकांनी वहीत फुली मारली आणि शिकून या म्हणाले.

हरले याचं फारसं काही नाही, दादा. पाय टेकला त्या क्षणी मला हलकं वाटलं. नोंदणीचं टेबल खिडकीपाशी आहे. खुर्चीला पाठ आहे. तेव्हापासून एकच विचार डोकं पोखरतोय: पाय टेकला, की मी टेकू दिला?

तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे. या वेळी तो पाकिटात घालून पाठव.

तुझी
धाकटी

*

दि. ९ मार्च

चि. इन्स्पेक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद. सलाम ठोकला असता, पण हात पत्रात गुंतले आहेत.

वहिनीला सांगितलं. पत्र वाचताना मी इतका हसलो की ती दुकानाच्या मागच्या बाजूने धावत आली, तिला वाटलं चष्म्याचं भिंग घासताना बोट कापलं. ती म्हणाली, जगातल्या सगळ्या बायकांची लायसन्सं खोटी निघाली तरी हिचं निघणार नाही असं मी पैजेवर सांगितलं असतं. गुडघा माझा आहे तसाच आहे. जिना उतरताना जिन्याशी बोलतो, चढताना देवाशी.

आता हसू बाजूला ठेवतो. तुझं पत्र आल्यावर मी बाबांच्या डायऱ्यांचं खोकं काढलं. त्यांचा नियम आठवतो ना, की पानाच्या तळाशी उद्याचं काम लिहायचं, आणि एकच लिहायचं, कारण दोन लिहिली की माणूस सोपं निवडतो. तू आजही तसंच लिहितेस, मला माहीत आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका पानाखाली आहे: उद्या, धाकटीची गिअरच्या गाडीची परीक्षा. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर तेच. सलग अकरा पानं. आपली गाडी जागेवर नव्हती म्हणून त्यांनी तुला आधी शेजाऱ्यांच्या बिनगिअरच्या स्कूटरवर परीक्षा द्यायला लावली, ते कार्ड तुझ्या हातात दिलं, आणि मोटरसायकल परत आली की दुसरी परीक्षा, असं मनाशी ठरवलं. बाराव्या पानाखाली लिहिलंय: उद्या, थोरल्यावर सोपवणे. तेराव्या पानापासून छताची गळती सुरू होते.

ते अकरा दिवस गाडी गॅरेजमध्ये क्लचच्या कामाला होती असं मी घरी सांगितलं होतं. ती माझ्याखाली होती, आणि मागच्या सीटवर तुझी वहिनी, जी तेव्हा वहिनी नव्हती. तेराव्या दिवशी बाबांनी मला सांगितलं की तू हिला परीक्षेला घेऊन जा. मी हो म्हणालो. त्या वयात हो म्हणणं हा माझा मुख्य धंदा होता.

विसरलो असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. दोन-तीनदा आठवलं. तोवर तू त्या घाटात अशी गाडी घालायला लागली होतीस की सांगायची लाज वाटली. मग बाबा गेले, आणि सांगायला निमित्तही उरलं नाही. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून दिवसभर भिंगं घासतो, आणि बहिणीला एक ओळ दाखवली नाही.

एक प्रश्न विचारतो, त्याचं नीट उत्तर दे. गाडीला बोल्टने बसवलेली तुझी औषधांची पेटी परीक्षेच्या दिवशी गाडीवर होती का?

राग येईलच. तो आला तरी लोभ मोडू नकोस. दोन्ही एका घरात राहू शकतात, हे वहिनीला विचार.

तुझा
दादा

*

दि. १४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार सवयीने लिहिला आहे, मनापासून नाही.

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं आणि घडी करून विषारी औषधांच्या कपाटात ठेवलं. त्याला कुलूप असतं. दोन दिवस तिथेच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी रागवायला बसले, तर रागालाही अंगात ताकद लागते हे कळलं. ती नव्हती. मग हिशोबाने विचार केला. तुझी चूक अकरा दिवसांची, माझी एकोणीस वर्षांची. बाबांनी तुझ्यावर सोपवलं, तू टाळलंस, हे खरं. पण वाचता मला येत होतं. तुला माफ करणं सोपं आहे, म्हणून करून टाकते. स्वतःचं प्रकरण अजून चालू आहे.

डोंगराकडे एक निवृत्त गुरुजी आहेत, एकटे राहतात. दीड वर्षापासून त्यांच्या घोट्यावर जखम आहे. गाडी होती तेव्हा दिवसाआड जायचे, आणि ती नखाएवढी झाली होती. गेल्या आठवड्यात बस चुकली आणि चार दिवसांनी पोचले. त्यांनी स्वतःच पट्टी बांधली होती, समास सोडून लिहावं तशी, काटेकोर कडा जुळवून. पण खाली ओल राहिली होती. जखम परत रुपयाएवढी झाली आहे. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले की सिस्टर, बसने येणारी नर्स ही न येणाऱ्या नर्सपेक्षा बरी. मग म्हणाले, टेबलाची जागा मिळत असेल तर घ्या, तुमचे डोळे खोल गेलेत. परत येताना बसमध्ये पूर्ण वेळ उभी होते, जागा असूनही.

कुणीतरी मला ‘आता बस, दम घे’ म्हणावं याची मी किती वर्षं वाट पाहत होते, आणि म्हटलं ते त्यांनी. हे लिहिताना लाज वाटते, पण तुझ्याशी नाही तर कुणाशी खरं बोलू?

पेटी गाडीवर नव्हती. ती दवाखान्याची, आत त्यांची औषधं. खासगी परीक्षेला ती कशी नेणार? चारही बोल्ट काढून कपाटात ठेवली होती. तू हे का विचारलंस?

माझ्यावरचा लोभ तूर्त उसना समज. परत करीन.

धाकटी

*

दि. १८ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद. माफी मिळाली, पोच देतो. ज्या कपाटात ठेवलंस ते मला शोभतंच.

आता पेटीचं. ती बाबांनी डाव्या अंगाला बसवली होती, उजवीकडे सायलेन्सर तापतो म्हणून. भरली की दहा-बारा किलो सहज होते. एकोणीस वर्षं गाडी डावीकडे ओढत होती आणि तू तिला सावरायला उजवीकडे कलत होतीस. तुला ते कळतही नसेल. परीक्षेच्या दिवशी तू वजन काढलंस, पण कल तसाच ठेवलास. हळू वळणावर गाडी उजवीकडे गेली आणि उजवा पाय खाली आला. माझ्या दुकानात असे लोक येतात. वर्षानुवर्षं वाकडी फ्रेम घातलेली असते, मी सरळ करून दिली की भांडतात, म्हणतात जमीन तिरकी झाली.

तू विचारलंस, पाय टेकला की टेकू दिला. उजवा पाय ब्रेकवर असतो. मोटरसायकलवाल्याला मुद्दाम टेकायचा असता तर रोजच्यासारखा डावा टेकला असता. तेव्हा उजव्या पायाची साक्ष तुझ्या बाजूने आहे. त्या आरोपातून तू सुटलीस.

पण हलकं वाटलं असंही लिहिलंस. त्याला पेटी जबाबदार नाही. तू थकली आहेस, आणि खूप दिवसांपासून थकली आहेस. तुझी पत्रं लहान होत गेली तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणून थोरला भाऊ या नात्याने सांगतो, बसायचं असेल तर बस. सरळ मोठ्या सिस्टरांकडे जाऊन सांग की मी दमले. गुरुजींनाही तेच सांग. कुणी तुला फाशी देणार नाही. फक्त पायाच्या आड लपू नकोस. परीक्षा पास हो, आणि मग काय सोडायचं ते ठरव. नापास होऊन सोडलंस तर तू सोडलंस की सुटलं, हे उरलेली वीस वर्षं डायरीत खरडत बसशील. मी ओळखतो तुला.

रोज संध्याकाळी अर्धा तास मोकळी गाडी फिरव. पेटी नाही, पाठीवर पिशवी नाही. नजर चाकासमोर नको, वळणाच्या पुढच्या टोकाला. माझा गुडघा असता तर आलो असतो. वहिनी म्हणते, गुडघा नाही तर तोंड पाठवा, ते चालतंय.

तुझ्यावरचा लोभ उसना नाही. तो परत घेण्याची सोय या घरात नाही.

दादा

*

दि. २७ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि. मनापासून.

सहा संध्याकाळी मोकळी गाडी फिरवली. पहिले दोन दिवस ती परक्याची वाटली. मी नसलेल्या वजनाला सावरत होते, तू लिहिलंस तसंच. बंद गोदामासमोरच्या फरशीवर खडूने आठ काढायचे आणि उजवीकडे पडायचे. चौथ्या दिवशी खांदे खाली आले. किती वर्षं ते वर धरले होते, देव जाणे. एका जागी थांबून मान वळवून पाहिली, तर दोन्ही बाजूंना सारखी वळत होती. उगाचच डोळे भरून आले, आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून येऊ दिले.

काल परीक्षा झाली. मैदानावर जायच्या आधी मोठ्या सिस्टरांकडे गेले. निकाल लागल्यावर बोलले असते तर निकालाच्या आड लपणं झालं असतं. मी दमले आहे, असं सांगितलं. शब्द इतका लहान निघाला की त्यांनी परत विचारलं. मग मी म्हणाले की डोंगराची फेरी मला सोडायची नाही, पण आठवड्यातले सहाही दिवस मी ओढू शकत नाही. त्या म्हणाल्या, एवढी वर्षं कुणी सांगितलंच नाही. मी म्हणाले, मीच सांगितलं नाही. चार दिवस फेरी, दोन दिवस टेबल, असं ठरलं. ज्या दोघींची मुदत संपलेली मी पकडली होती, त्यातली एक म्हणाली, माझं नवीन लायसन्स आलं की दोन दिवस डोंगराकडे मी जाते, फक्त बोलणी खायला लावू नका. मी कबूल केलं. पाळणं अवघड आहे.

मग आठचा आकडा. दोन्ही वळणं झाली. पाय वर राहिले. परीक्षकांनी वहीतून मान वर न करता सांगितलं की बाई, बरं शिकलात. मी आभार मानले आणि गाडी बाजूला लावून पायरीवर बसून राहिले. आनंद झाला म्हणावं इतकं अंगात बळ नव्हतं, पण मनात प्रश्नही नव्हता. खूप दिवसांनी नव्हता.

कार्ड पोस्टाने येईल, तोवर मोठ्या सिस्टरांना पावती चालेल. ती मी तीनदा वाचली. गिअर असलेली दुचाकी. वहिनीला वाचून दाखव, तिची पैज बुडायला नको. आज गाडीने गुरुजींकडे गेले, पट्टी बदलली. सामान पिशवीत नेलं. जखम हलली नाही, पण वाढलीही नाही. त्यांनी चौकशी केली की टेबल मिळालं का. मी म्हणाले, दोन दिवसांचं. ते म्हणाले, मग चार दिवस पट्टीच्या कडा मी बघत नाही, तुम्ही बघा.

बाबांची ती बारा पानं मला पाठव. फाडून नको, डायरीच पाठव. तू लोभ परत घेत नाहीस, तर मीही ठेवून घेते. आता पत्र सात महिन्यांनी येणार नाही.

पत्राच्या तळाशी जागा उरली आहे, म्हणून डायरीतलं इथेच लिहिते.

उद्या: पेटी बसवून घेणे. मागच्या कॅरिअरवर, मधोमध.