‘शिव’ म्हणजे काय

४ नोव्हेंबर, सोमवार
आज शब्द आला! हे खुर्चीत बसले होते, कामवाली हौसा पेज भरवत होती — आणि एकदम साफ, ‘शिव!’ अर्धांगाचा झटका आल्यापासून यांचा आवाज घरात नव्हताच. हौसाने वाडगा खाली ठेवला. "बाई, तुमालाच सांगतत!" मला तरी दुसरं काय वाटणार? शिवणाचं मशीन माझंच. एक सदरा उसवला होता, तो शिवून दाखवला. बघितलंसुद्धा नाही. पुन्हा तेच — शिव!

५ नोव्हेंबर
अभ्रा, पडदा, टॉवेल. सगळं शिवून झालं. शिव!

७ नोव्हेंबर
मालनवन्सं आल्या. यांची थोरली बहीण. शब्द ऐकला आणि थेट हात जोडले. "अगो, महादेवाचं नाव घेतोय तो! आणि तू त्याला फाटके अभ्रे काय दाखवत्येस?" झालं. अभिषेक, बेल, कपाळाला भस्म. हे आजवर देवळात गेले ते जत्रेतली भजी खायला! तीर्थ पाजलं. गिळलं आणि म्हणाले — शिव. वन्सं खूश.

१० नोव्हेंबर
धाकटे दीर, सदूभाऊजी, लांज्याहून आले. त्यांचं तिसरंच! "वहिनी, शिव नाय वो, शीव! काजूच्या बागेची शीव. शेजाऱ्याने दगडांचा गडगा सरकवलान, ता दादाला कळलंय." खुर्चीत बसून कळलंय! भाऊजी उद्या हद्द मोजायला जाणार.
ज्याला जे हवं ते त्याला या एका शब्दात सापडतंय. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, असा एखादा शब्द अडकून राहतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. पटलं. खरं तर बरंच वाटलं.

१३ नोव्हेंबर
आज फार वैतागले. बाहेर गिऱ्हाईक ब्लाउजचं माप देतंय आणि आतून शिव, शिव, शिव! ओरडले — "काय शिवू? तोंड शिवू का तुमचं?"
यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झटक्यानंतर तसं येतंच म्हणतात.

१६ नोव्हेंबर
अंग उतरलंय यांचं, सगळे शर्ट लोंबतात. म्हटलं एक नवा शिवावा, म्हणून माप घ्यायला बसले. छाती, खांदा, बाही. गावभरच्या बायकांची मापं घेते, यांचं कधी घेतलं नव्हतं. हे नोकरीला पोफळीला, वीजकेंद्राच्या कॉलनीत, मी इथे सासूबाईंजवळ. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. आता आंघोळ, अंग पुसणं हौसा करते. भांडण कधी नव्हतं. सवय राहिली नाही, इतकंच.
मनगटाला टेप लावली तर माझा हात धरला. डाव्या हाताने, चांगला घट्ट. आणि शब्द बंद! दुपारभर एकदाही नाही. मी तशीच बसून राहिले.
शिवणं म्हणजे हात लावणंही. सासूबाई होत्या तेव्हा तर घरात तोच अर्थ चालायचा. "शिवू नको हां, आई बघत्येय" — हे यांचंच वाक्य, माझ्या त्या चार दिवसांतलं. इतकी वर्षं शिवणकाम करते आणि मला हे सुचू नये! पण डॉक्टरांचंही खरं असेल. वन्संनी देव चिकटवला, भाऊजींनी काजू, तसं मी हे चिकटवत असेन. तसं निघालं तर फार वाईट वाटेल मला.

१७ नोव्हेंबर
सकाळपासून यांचा हात हातात घेऊन बसले. ब्लाउज राहिले ते राहिले. शब्द आला नाही.

१८ नोव्हेंबर
उठल्या उठल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "शिवलीस."
रडले मी. शर्टाचं असतं तर ‘शिवलास’ म्हणाले असते ना!