घरची मॅच, बोनकोड्याला

ऐरोली,
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. शिवास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. थंडीने बाबांचा खोकला वाढला होता, आता उतार आहे. हे पत्र आशुतोषच्या हाती देतेय. सुट्टी संपवून तो परत बाकूला निघालाय. त्याच्याबरोबर सुकट आणि जवळा पाठवलाय. पिशवीवर पिशवी चढवून बांधलंय, तरी पत्राला वास येणारच. तुझ्या रूमवरच्या लोकांनी नाक मुरडलं तर खिडकी उघड, सुकट टाकू नकोस.

हातात फोन असताना ताईला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तू म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, हे एक कारण. दुसरंही आहे. त्यावर येते, जरा दम धर.

ऑफिस ठीक चाललंय. अमेरिकेतल्या लोकांचे विम्याचे क्लेम तपासायचे आणि आपली जेवायची वेळ विसरायची, एवढंच काम. हल्ली निदान जाण्यायेण्याचा त्रास वाचतो. बाबा दिवसभर खिडकीशी बसतात. त्यांना लिफ्टची सवय अजून झालेली नाही. दार बंद होताना भिंतीला धरतात, आणि कोणी बघितलं की पाठ खाजवल्यासारखं करतात.

तुझ्या त्या काराबाख फुटबॉल क्लबबद्दल सांगायचं होतं. तू मागच्या वर्षी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवलेस ना, ते मी बाबांना जेवताना ऐकवायचे. सारसोळ्याचं आपलं मैदान पत्रे ठोकून बंद झालं होतं, ‘मैदान नाय तं टीम नाय’ म्हणून बाबांनी टीमचं नाव स्पर्धेतून काढून घेतलं होतं, आणि तू तिकडून त्यांची समजूत घालत होतास. आगदाम नावाचं गाव, १९५१ सालचा क्लब, लढाईत स्टेडियमवर पडलेले गोळे. १९९३च्या उन्हाळ्यात अख्खं गाव रिकामं झालं आणि त्याच उन्हाळ्यात ही टीम देशाची चॅम्पियन झाली. पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या घरच्या मॅचेस बाकूत, दुसऱ्यांच्या शहरात. तरी नाव सोडलं नाही. मग २०१७ साली चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचणारा त्यांच्या देशातला पहिला क्लब तोच.

खरं सांगू? तेव्हा मला तुझा राग आला होता. आपल्यावर काही रणगाडे आले नाहीत. आपल्याकडे फक्त पत्रे आले आणि एक वॉचमन आला. तिथे तर दोन्ही बाजूंची माणसं घरादाराला मुकली, त्यांचं दुःख उचलून आपल्या मैदानाला लावायचं हे मला बरं वाटेना. बाबा मात्र ऐकत राहायचे. एकदा घास तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, “मंग ते नारल कुठं फोरतान?”

मला हसूच आलं. म्हटलं, बाबा, तिकडे नारळ फोडत नाहीत. “मंग मोसम सुरू कसा करतान?” म्हणाले, आणि जेवायला लागले. तुला माहीतच आहे, गोदीत काम करताना फुटबॉल शिकून आल्यापासून त्यांनी हा एक नियम कधी मोडला नाही. मोसमाच्या पहिल्या घरच्या मॅचला मैदानाच्या कोपऱ्यात गावदेवीच्या नावाने नारळ फोडायचा, मगच शिट्टी. आणि परक्या गावात आपला नारळ न्यायचा नाही, तो मान त्या गावाचा.

सप्टेंबरात बिल्ल्यावर घोडे मिरवणाऱ्या तुझ्या काराबाखवाल्यांनी लिस्बनला जाऊन आधी दोन गोल खाल्ले आणि मग तीन मारून जिंकले. त्याचा व्हिडिओ तू पाठवलास. बाबांनी तो माझ्या फोनवर इतक्यांदा पाहिला की फोन तापला. तेव्हा ते बोलत नव्हते. आजारी नव्हते, पण बोलत नव्हते. ‘हो’, ‘नको’, ‘झोपतो’, बस्स. मला फार भीती वाटायची शिवा. माणूस असा विझत जातो आणि आपण समोर बसून डाळीत मीठ कमी आहे का विचारत राहतो. तो व्हिडिओ पाहून एका सकाळी म्हणाले, “केयूरला बोलव.”

केयूर आला. कॅप्टन म्हणून त्याला शोभतं बुवा, पण दाढी अजून नीट येत नाही. बाबांनी त्याला टीमचं नाव परत घालायला लावलं. स्पर्धेवाले म्हणाले, घरचं मैदान दाखवा. आता ते कुठून आणायचं? शेवटी केयूर घाबरत घाबरत बोनकोड्याला बाळाराम काकांकडे गेला. हो, तेच बाळाराम काका, ज्यांच्याशी बाबा एका ऑफसाइडवरून तुझ्या जन्माआधीपासून भांडतायत. ते म्हणाले, “खेला की. मैदान काय आमी उशाला घेऊन झोपतो?”

मागच्या रविवारी पहिली मॅच झाली. समोर बोनकोडेच, हाही योग. आम्ही रिक्षाने गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण नारळ घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “परक्याच्या जागंत आपला मान नसतो.”

आणि मग तिथे काय गंमत झाली ऐक. आपली पोरं गेली ती सरळ जांभळाखालच्या बाकावर जाऊन बसली. पाहुण्यांचा बाक! जन्मभर तिथे पाहुणे म्हणूनच गेलो ना. बोनकोड्याची पोरंही सवयीने देवळाकडच्या आपल्या बाकावर. कोणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही, मलाही नाही. मी पाण्याच्या बाटल्या जांभळाखालीच मांडल्या. रेफरी कागद बघतोय, माणसं बघतोय, आणि डोकं खाजवतोय.

तेवढ्यात बाळाराम काका देवळातून हातात नारळ घेऊन आले. आता ते कोपऱ्यात जाऊन फोडणार, असं वाटलं. ते मैदान ओलांडून थेट आमच्याकडे आले. आपल्या पोरांना म्हणाले, “उठा रं. आज घरवाले तुमी हाव. तिकरं बसा.” आपल्या पोरांना त्यांनी उठवलं, त्यांच्या पोरांना जांभळाखाली पाठवलं, आणि नारळ बाबांच्या हातात दिला. “धर. मान तुजा हाय.”

बाबा नारळ धरून नुसते उभे. मग हळूहळू कोपऱ्याकडे गेले. आधी बोनकोड्याच्या देवळाला हात जोडले, मग वळून आपल्या गावाच्या दिशेला तोंड केलं आणि फोडला. शिवा, मी रडले. लपवत नाही. बाळाराम काका दुसरीकडे बघत उभे राहिले.

मॅच आपण हरलो. तुझ्या जागी उभा केलेला गोलकीपर चेंडू आला की डोळे मिटतो. पण रिक्षात बसल्यापासून बाबा जे सुरू झाले! डिफेन्सला शिव्या, रेफरीला शिव्या, बाळारामला त्या जुन्या ऑफसाइडवरून नव्याने शिव्या. लिफ्टमध्येसुद्धा चालूच, भिंत धरायची विसरले. चौथ्या मजल्यावरच्या सुचित्रा बाई घाबरून आधीच्या मजल्यावर उतरल्या. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आता ते दुसरं कारण. पत्राच्या वर गावाचं नाव तू वाचलंच असशील. लिफ्टही वाचली असशील.

शिवा, आपलं घर नाही राहिलं. पावसाळ्यात मागची भिंत फुगली, तपासायला आलेल्यांनी धोकादायक ठरवलं. ऑगस्टात आम्ही इथे भाड्याने आलो, ऑफिसजवळ म्हणून. दिवाळीनंतर घर पाडलं. तुझा माळा, नेटची गुंडाळी, दारावर तू चेंडू मारून पाडलेला खळगा, सगळं गेलं. ग्लोव्ह्ज मी आणलेत. व्हिडिओ कॉलवर आम्ही पांढऱ्या भिंतीला टेकून बसायचो ते ह्यासाठी. बाबांनी शपथ घातली होती, “तो तिकरं एकला हाय, सांगू नको.” पण मॅचच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना तेच म्हणाले, “आता लिव त्याला.”

रागाव माझ्यावर, पण नोकरी टाकून धावत येऊ नकोस. भिंत धरायला कोणी यावं असं आता तिथे काही उभं नाही.

बाबांचा तुला एक निरोप आहे. ते आगदाम आता परत बांधतायत असं तू म्हणाला होतास. तिथे पहिली मॅच होईल तेव्हा ते लोक सुरुवात कशी करतात, ते नीट विचारून कळव. त्यांना खरंच जाणून घ्यायचंय.

एप्रिलमध्ये तुझी सुट्टी आहे, तेव्हा आपली शेवटची घरची मॅच आहे. विमानतळावरून ऐरोलीला येऊ नकोस, सारसोळ्यालाही जाऊ नकोस. थेट बोनकोड्याला ये. देवळाकडच्या बाकावर बस, जांभळाखाली नाही. ग्लोव्ह्ज बाबांच्या पिशवीत असतील.

तुझी ताई,
प्रेमला

मुक्काम ऐरोली. गाव सारसोळे. (हे बाबांनी लिहायला लावलं.)