एका पगारात घर

१ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
ठरलं. डिसेंबरअखेरपर्यंत घर माझ्या एकट्याच्या पगारात चालवून दाखवायचं. जमलं की बायकोनं, पुनमनं, दातांचा दवाखाना बंद करायचा. अठरा वर्षं लोकांच्या दाढांवर वाकून तिची पाठ कामातून गेली आहे. वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, क्वार्टर आहे, कार्यकारी अभियंत्याचा पगार आहे, लेक एकच. अवघड काय त्यात? वहीत दोन रकाने आखले. गरज आणि हौस. हौस शून्य ठेवणार.

२ नोव्हेंबर
कॉफीचं मशीन मागवलं. बाहेरची कॉफी कायमची बंद. बाहेर मी चहा पितो, पण मुद्दा तो नाही. रकाना: गरज.

९ नोव्हेंबर
करिष्माला बजेट समजावलं. नववीत आहे, कळायला हवं. तिनं विचारलं, बाबा, तुमचा एकपण खर्च हौसेत काऊन नाई? म्हटलं, वीज केंद्रालासुद्धा स्वतः चालायला थोडी वीज लागते. 'थोडी' म्हणाली आणि निघून गेली.

१६ नोव्हेंबर
गावाहून, म्हणजे सिंदेवाहीकडून, चुलतभाऊ मुखरू आला. गावच्या जत्रेत, मंडईत, रात्रभराचं नाटक आहे. म्हणाला, भाऊ, हँडबिलावर उद्घाटक म्हणून तुमचं नाव टाकून राह्यलो. वर्गणीचं काही बोलला नाही. गेल्या वर्षीच्या उद्घाटकानं किती दिले तेवढं मात्र दोनदा सांगितलं. मी त्यावर पाच हजार चढवले. गावाचं आपण देणं लागतो. गरज.

२४ नोव्हेंबर
हँडबिल आलं. नावामागे 'दानशूर' छापलंय. फोटो सहउद्घाटकापेक्षा मोठा. आता अशा माणसानं दहा वर्षांच्या जुन्या गाडीतून उतरणं बरं दिसत नाही. शिवाय मोठ्या गाडीची सीट पुनमच्या पाठीला मानवेल. मुख्यतः पाठीसाठीच.

५ डिसेंबर
गाडी आली. पांढरी, सात सीटची. आम्ही तिघं. हप्ता भारी आहे, पण हप्त्यानं माणसाला शिस्त लागते.

१३ डिसेंबर
मंडई. शाल, श्रीफळ, माईकवरून नाव तीनदा. गाडीभोवती बरीच गर्दी होती. पुनम आली नाही, तिच्याकडे पेशंट होते. आली असती तर मजा आली असती.

३१ डिसेंबर
वही पुनमपुढे ठेवली. हौस: शून्य. वाचून ती हसली. मग चष्मा लावून गरजेचा रकाना वाचायला घेतला. बेरीज माझ्या दोन महिन्यांच्या पगाराच्या दीडपटीवर गेली होती. एवढी होईल असं वाटलं नव्हतं. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. वही मिटून म्हणाली, तुमच्या गरजा माह्या पाठीवर चालून राह्यल्या जी.

४ जानेवारी, रविवार, सकाळी ९.३०
आजपासून पुनमचा दवाखाना रविवारीही सुरू. कशाला, विचारलं. गाडीचा हप्ता, म्हणाली. फार लाज वाटली. म्हटलं, निदान गाडीनं सोडून देतो. ती म्हणाली, दवाखान्याच्या गल्लीत ते धूड वळत नाई. स्कूटी काढली, एक हात कमरेवर ठेवून किक मारली आणि गेली.