धुराड्यातला हात

ब्राउनश्वाइग, ४ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही रागावाल, म्हणून पत्र. बागेत गारठा होता, म्हणून वास्तुशांतीचा होम आम्ही हॉलमधल्या जुन्या फायरप्लेसमध्ये केला. शंभर वर्षांचं धुराडं आहे, धूर जाईल वर, असं वाटलं. तो भिंतीच्या फटींतून थेट अन्वीच्या खोलीत शिरला. अलार्म वाजला आणि हृषिकेशने तिला पाळण्यातून उचलून बाहेर नेलं. ती ठणठणीत आहे. पाळणा आमच्या खोलीत हलवलाय. हृषिकेश मात्र धुराडं बुजवायचंच म्हणून हटून बसलाय.

परवा आमच्या भागाचा शॉर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडी तपासणारा, आला. त्याने आत कॅमेरा सोडला. बाबा, वळणापाशी लिंपणात माणसाच्या हाताची पाचही बोटं उमटली आहेत! शंभर वर्षांत कोणी न पाहिलेला हात. अंगावर काटा आला. त्या हाताचा आणि अन्वीचा फोटो सोबत ठेवलाय.

तपासनीस म्हणाला, एक तर बुजवा, नाहीतर आत मातीच्या भाजक्या नळ्या किंवा स्टीलची नळी घाला. तुम्ही जन्मभर साखर कारखान्याचा बॉयलर सांभाळलात. काय करू?

आशीर्वाद असू द्या, ओरडा नंतर खाईन.
सुकन्या

सांगली, २२ ऑक्टोबर

चि. सुकन्यास अनेक आशीर्वाद.

रागावलो. जेवण गेलं नाही. अन्वीचा फोटो पाहून निवळलो. तुझी आई म्हणते, तूपही जास्तच ओतलं असणार.

मातीच्या नळ्या वळत नाहीत. त्यांच्यासाठी वळणापाशी भिंत फोडावी लागेल आणि तो हातही जाईल. स्टीलची लवचीक नळी वरून सोडा, पण नुसती नको. तिथल्या थंडीत धूर गारठतो, वर चढत नाही, आत पाणी सुटतं. आमच्या वाफेच्या पाइपांना असायचं तसं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं जाड वेष्टण, भोवती हवंच. हात त्यामागे कायमचा झाकला जाईल, पण राहील. त्या गवंड्याने धूर वर जावा म्हणूनच तो फिरवला होता. मी त्या हाताचा फोटो दहादा पाहिला, दरवेळी थक्क झालो.

हृषिकेशरावांची भीती रास्त आहे. तपासनिसाने पास केल्याशिवाय काडी ओढू नका.

अन्वीला गोड पापा.
तुझे बाबा

ब्राउनश्वाइग, १ डिसेंबर

ती. आईबाबांस,
शि. सा. न.

नळी बसली, लॅगिंग झालं, तपासनिसाने पासही केलं. आज पहिला जाळ केला. मी अन्वीच्या खोलीत भिंतीला नाक लावून बसले होते. धुराचा वाससुद्धा नाही, अलार्म गप्प. हृषिकेश रस्त्यावर उभा राहून छपरावरचा धूर बघत होता. कितीतरी वेळ आत येईना.

आल्यावर अन्वीचा पाळणा त्याने स्वतः तिच्या खोलीत नेला आणि भिंतीमागे तो हात आहे, बरोबर तिथे लावला.

तुमची माया आहेच, ती इथवर पोचते.
सुकन्या