मैनाच्या लिंकला नोफॉलो

सोम. ४ ऑगस्ट, नेकनूर
सकाळीच सगळ्यांची विचारपूस. हिचा गुडघा? ठणकतोच. थोरल्याला फोन केला, ताप उतरला म्हणाला. काळी शेळी रवंथ करतेय. मी ठीक. आजारी पडलाय तो ब्लॉग. शेळ्यामेंढ्यांच्या दुखण्यांवर इतकं लिहिलं, आता सर्चमध्ये नावच नाही. सर्चवाल्यांची नोटीस आलीय: टिप्पण्यांत जुगाराच्या, नकली औषधांच्या लिंका भरल्यात.
भरल्यात खऱ्या. "छान माहिती" म्हणत येतात, खाली लिंक. मी आपला प्रत्येकाला "या, बसा".

मंगळ. ५
दिवसभर टिप्पण्या निवडल्या, ज्वारीतले खडे निवडावेत तशा. काढलं तेवढं परत येतं. वाचून वाचून उमगलं. टिप्पणीतल्या लिंकला 'नोफॉलो' आपोआप लागतं. लिंक उघडते, पण सर्चला सांगणं असं की ह्याची ओळख मी देत नाही. ते सुरुवातीला मीच काढून टाकलेलं! दारात आलेल्याला ओळख न देणं बरं दिसेना म्हणून.
हिला सांगितलं. म्हणाली, "चोरालाबी पाट मांडलात म्हणा की."

बुध. ६
परत लावायचं तर सगळ्यांनाच लागणार. मग मैना?
नांदूरघाटची मैना, मेंढपाळाच्या घरची सून, घोंगड्या विणते. माझ्या प्रत्येक लेखाखाली दोन ओळी अन् तिच्या दुकानाची लिंक. त्या ओळखीवर सर्चमध्ये वर आली, गिऱ्हाईक लागलं. सासूचं म्हणणं, दसऱ्यापर्यंत मागणी टिकली तर माग राहील, नाहीतर मोडायचा.
संध्याकाळी लावलं नोफॉलो. सर्चवाल्यांना अर्ज: पुन्हा तपासा.

शनि. १६
मैनाचा फोन. "तात्या, माझं दुकान पार खाली गेलं. कावून तोडलं मला?"
सगळं सांगितलं. "लिंक हाय गं तिथंच."
"हाय, पण तुमी वळख देत न्हाई. मी काय जुगारवाली हाय का?"
ठेवलाच फोन.

सोम. १८
टिप्पणीत तिनं टाकलेली लिंक वेगळी, लेखात मी माझ्या तोंडानं दिलेली वेगळी. तिथं नोफॉलोची गरज नाही. पण तिची घोंगडी मी कधी डोळ्यांनी पाहिलीच नाही. न पाहता ओळख द्यायची, म्हणजे पुन्हा तेच...

बुध. २०
एसटीनं नांदूरघाट. सासूनं घोंगडी अंथरली, चहा दिला. "तुमच्या त्या कंपूटरनं पोरीचं त्वांड बंद केलंय बगा." मैना मागावर, मान वर नाही. लोकरीला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास. घोंगडी ओढून पाहिली, उजेडाला धरली. कुठं विरळ नाही. उठताना म्हणालो, लेख लिहितो.
मैना मागावरूनच म्हणाली, "लिवा की. उद्या नियम बदलला की पुन्यांदा पुसताल."
परतीची एसटी धरली.

शुक्र. २२
लेख झाला. ब्लॉग अजून सर्चमध्ये नाही, अर्जाचं उत्तर नाही. माझीच ओळख कुणाला पटेना, मी दिलेल्या ओळखीला कोण विचारतं? तरी... तिला पाठवलं ते इथं उतरवतो:
"मैना, लेख वाच. घोंगडी हातात धरून पाहिली, एवढंच लिहिलंय, अन् तुझ्या दुकानाची लिंक नोफॉलोविना दिलीय. दुकान वर येईलच असा शब्द देत नाही. जे खोटं वाटेल ते खोड. तुझ्या 'हो'शिवाय ब्लॉगवर टाकणार नाही. हो म्हण, नाही म्हण, रागाचं लिही, पण लवकर लिही."