पोरीचं कर्ज

अण्णा,

परवा बारावीच्या वर्गात ताळेबंद शिकवत होते. फळ्याच्या डाव्या बाजूला देणी लिहिली: बँकेचं कर्ज, उधारीवर माल देणारे धनको, द्यायची राहिलेली मजुरी. आणि त्या सगळ्यांच्या वर मालकाचं भांडवल. एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, भांडवल तर मालकाचं स्वतःचं असतं ना? मग ते देण्यांच्या बाजूला कसं?" दरवर्षी कुणीतरी हे विचारतं आणि दरवर्षी मी तुमचंच उत्तर देते. धंदा वेगळा, मालक वेगळा. मालकानं घातलेला पैसासुद्धा धंद्यावरचं देणंच. फरक एवढाच की बाहेरच्यांचं आधी द्यायचं आणि मग जे उरेल ते मालकाचं. तिला पटलं, ती खाली बसली. मला मात्र यंदा पटलं नाही. घरी आल्यापासून तुमच्याशी भांडते आहे, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की भांडणातली तुमची बाजूही मलाच मांडावी लागते.

हे उत्तर तुम्ही मला आपल्या स्वयंपाकघरात दिलं होतं. सिन्नरच्या आपल्या खोक्यांच्या कारखान्यातून तुम्ही द्राक्षाचं एक रिकामं खोकं घरी आणलेलं असतं, आईला कांदे ठेवायला. आई कांदे ओतते आहे आणि तुम्ही ताटावर बसल्या बसल्या मला, कारखान्याची वही लिहिणाऱ्या पोरीला, सांगता, "उद्या हे खोकं माझ्या उचलीत लिही, मालकानं घरी नेलं म्हणून." आई हसते. स्वतःच्याच कारखान्याचं पुठ्ठ्याचं खोकं, त्याची कसली उचल? तुम्ही हसत नाही. "कारखान्याला मीबी परकाच हाय. घरचं म्हणून सोडलं, तर हिशोब कशाला म्हणायचा?" निफाडकडची तुमची बोली शहरात येऊन बरीच निवळली होती, पण हिशोबाचं बोलताना ती हटकून परत यायची. मी त्या वाक्यावर इतकी खूश झाले की पुढे कॉमर्सच घेतलं. एका खोक्यालाही नियम लावणारा माणूस माझा बाप आहे, ही गोष्ट मी कॉलेजात मैत्रिणींना मिरवून सांगायची.

मग ते गारपिटीचं वर्ष आलं. बागा झोपल्या, खोक्यांच्या ऑर्डरी रद्द झाल्या आणि नव्या मशीनचे हप्ते बँकेला थांबवता येईनात. मी तेव्हा नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. इंदिरानगरमध्ये एक छोटा फ्लॅट बुक केला होता, लग्न झालं नाही तरी आपलं असं दार असावं म्हणून. तुम्ही पैसे मागितले नाहीत, हे खरं. रोज जेवताना गप्प बसत होतात, तेवढं पुरे होतं. मी बुकिंग मोडलं, साठवलेलं सगळं दिलं आणि पुढे मशीन फिटेपर्यंत पगारही देत राहिले. तुम्ही म्हणालात, "तुझा पैसा कुठं जात नाय." खरंच गेला नाही. अजून सिन्नरला त्याच शेडमध्ये उभा आहे.

वर्षअखेरीला आपण दोघं सीएकडे गेलो होतो. त्यांनी माझी रक्कम पाहिली आणि सरळपणे विचारलं, "हे मुलीकडून आलेलं विनातारण कर्ज म्हणून दाखवू, की भागीदारीपत्र करून तिला भागीदार करायचंय?" तुम्ही खुर्चीत सरसावून बसलात. जणू त्यांनी काही अभद्र विचारलं होतं. "साहेब, पोरीचं कर्ज असतंय का घरात? ती काय परकी हाय? माझ्या भांडवलात टाका." सीएंनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसानं एक क्षण वाट पाहिली होती अण्णा, मी काही बोलते का म्हणून. मी काय बोलणार? मला भरून आलं होतं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी डोळे पुसले आणि तुम्हाला वाटलं, धूळ गेली.

पोरांना ताळेबंद शिकवते मी, आणि स्वतःचा उलगडायला मला एवढा काळ लागला. कर्ज म्हणून लिहिलं असतंत तर मी धनको झाले असते, माझं आधी फिटलं असतं. भागीदार केलं असतंत तर धाकट्या भावाच्या बरोबरीनं बसले असते. तुम्ही म्हणालात मी परकी नाही, आणि आपली म्हणूनही कुठे लिहिलं नाहीत. कांद्याच्या खोक्याची नोंद झाली. माझी झाली नाही. घरचं म्हणून सोडलंत.

गेल्या रविवारी धाकटा आला होता. शेड विकायची ठरली आहे. प्लॉट अजून तुमच्या नावावर आहे, म्हणून घेणाऱ्याच्या वकिलाला माझं हक्कसोड पत्र हवं आहे. पेढे आणले होते आणि साडी. बहिणीनं हक्क सोडायचा आणि भावानं साडी नेसवायची, ही आपल्याकडची रीत. आवळा देऊन कोहळा काढण्याची इतकी सोज्वळ तऱ्हा दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. एरवी दिवाळीलाही फोनवर भागवतो, आता कामापुरती ताई झाले.

मी म्हटलं, "सही करीन. आधी माझे मशीनचे पैसे दे."

"कुठले पैसे? अण्णांच्या ताळेबंदात तुझं नाव दाखव ना कुठं."

"तू पाहिलेलं आहेस मला देताना."

त्यानं ते नाकारलं नाही. वाईट नाही तो, एवढं मी अजून म्हणते. मग हळूच म्हणाला, "ताई, घरातल्या घरात कोणी असं कर्ज काढतं का? तू काय परकी आहेस?"

तेच शब्द, तोच सूर. तुम्ही त्याला कारखाना दिलात तो दिलातच, हे वाक्यही बरोबर देऊन गेलात. मी त्याला चहा दिला आणि सही न करता पाठवलं. फ्लॅट पुढे मी दुप्पट भावानं घेतला, निवृत्ती तोंडावर आली तरी त्याचे हप्ते भरते आहे. तेव्हा माझा पैसा हातात आल्याशिवाय सही होणार नाही. कोर्टात जायचं तर जाईन. लोक म्हणतील बापामागं भावाशी भांडली. म्हणू देत. साडी मी त्याच्या गाडीत परत ठेवली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. धाकटा ते वाक्य बोलला तेव्हा राग यायच्या आधी, एक क्षण, मला पुन्हा भरून आलं होतं.