दिवाळीत उघडं राहिलेलं वसतिगृह

मॅडम, आपल्या कॉलेजातल्या महिला मंडळाचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. तुम्हाला जाऊन त्याहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. ज्या कॉलेजात मी शिरूर कासारच्या गाडीतून उतरून भीत भीत शिरले होते, तिथंच आता मी अर्थशास्त्र शिकवते. तुमचाच विषय. मागच्या आठवड्यात मंडळाचा कार्यक्रम झाला, त्यात तुमच्याबद्दल मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. भाषण लिहिताना पहिलाच शब्द 'आदरणीय' पडला. तो ऐकला की तुमचा चेहरा कसा व्हायचा ते आठवलं आणि मी कागद चुरगाळून टाकला. शेवटी बोलले काहीतरी, टाळ्याही पडल्या. पण जे बोलायचं होतं ते पाच मिनिटांत मावणारं नव्हतं, म्हणून आज रविवारी दुपारी लिहायला बसले आहे.

तुम्ही येण्याआधी मंडळ म्हणजे काय होतं ते मला वरच्या वर्गातल्या मुलींकडून कळलेलं. विद्यापीठाचं पत्र यायचं की महिला मंडळाने कार्यक्रम घ्यावेत आणि अहवाल पाठवावा. मग रांगोळी, मेंदी, पाककृती, एका डॉक्टरबाईंचं व्याख्यान, फोटो, संपलं. तुम्ही पहिल्या बैठकीला आलात त्या दिवशी मुलींनी रांगोळीचे डबेसुद्धा आणले होते. तुम्ही ते बाजूला ठेवायला सांगितले आणि प्रत्येकीला कागदाचा एकेक तुकडा दिलात. म्हणालात, "कॉलेजला यायला तुम्हाला काय आडवं येतं, ते लिहा. एकाच शब्दात. नाव घालू नका." मुली आधी एकमेकींकडे बघून हसल्या, मग हाताचा आडोसा करून लिहू लागल्या. तुम्ही एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचत होतात. बस. बस. भाऊ. संडासाची कडी. बस. पाळी. आणि मग एक चिठ्ठी आली, दिवाळी. तुम्ही ती दोनदा वाचलीत. "दिवाळी? दिवाळी कशी आडवी येते?" वर्ग हसला. मी पण हसले. ती चिठ्ठी माझी होती.

कडी तुम्ही दुसऱ्याच दिवशी घेऊन आलात, पर्समधून, आणि शिपायाच्या मागे उभं राहून बसवून घेतलीत. बससाठी आपण स्टँडवर आगारप्रमुखांकडे तीनदा गेलो. शेवटच्या तासाआधीच सुटणारी गाडी पाऊण तास उशिरा सोडा, एवढंच मागणं होतं. तिसऱ्या वेळी तुम्ही त्या साहेबांना म्हणालात, "आम्ही दर सोमवारी येऊ. आम्हाला चहा नको." गाडीची वेळ बदलली. नेकनूरच्या मुलींनी त्या दिवशी तुम्हाला गाडीच्या खिडकीतून हात केले होते, आणि तुम्ही लाजून पर्समध्ये काहीतरी शोधत राहिलात.

दिवाळीचा उलगडा तुमच्या स्वयंपाकघरात झाला. बससाठीचा अर्ज लिहायला तुम्ही आम्हा चौघींना रविवारी घरी बोलावलं होतं. तुम्ही भाकरी करत होतात आणि ती काही केल्या फुगत नव्हती. कडेला चिरत होती. मला राहवलं नाही. "मॅडम, पाणी कमी हाय," असं म्हणून मी परात ओढली आणि थापायला बसले. तुम्ही शेजारी पाटावर बसून बघत राहिलात, माझ्याच विद्यार्थिनीसारख्या. तव्यावर भाकरी टम्म फुगली तेव्हा तुम्ही सहज विचारलंत, "किती वर्षांची होतीस शिकलीस तेव्हा?" मी म्हणाले, आठ. आई-बाप ऊस तोडायला फडात जायचे, कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक माझ्याकडे असायचा. आणि मग भाकरीकडे बघत बघतच सगळं सांगून टाकलं. दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरं बंद होतात, माणसं ऊसतोडीला जातात. दिवाळीत वसतिगृहाला कुलूप लागतं. घरालाही कुलूप असतं. मग तीन आठवडे पोरीनं जायचं कुठं? एक तर फडात, कोयता धरायला, नाही तर नातेवाइकांकडे. आणि नातेवाईक मोकळे बसत नाहीत, स्थळं बघतात. माझ्या खोलीतली मुलगी आदल्या वर्षी दिवाळीला मामाकडे गेली ती परत आलीच नाही. तिची पुस्तकं अजून माझ्या कपाटात होती. यंदा मला आत्याकडे जायचं होतं, आणि आत्याचा निरोप आला होता की येताना चांगली साडी आण. भाकरी करपली, तुम्हीच ती उलटवलीत, आणि म्हणालात, "म्हणजे ती चिठ्ठी तुझी."

दिवाळीत वसतिगृह उघडं ठेवायला प्राचार्य आधी नाहीच म्हणाले. जबाबदारी कोण घेणार, काही झालं तर पेपरात कॉलेजचं नाव येईल, वगैरे. तुम्ही मंडळातल्या बाईमाणसांची नावं कागदावर लिहून नेलीत. प्राध्यापिका होत्या, ऑफिसातल्या क्लार्कबाई होत्या, ग्रंथालयातल्या होत्या. प्रत्येकीनं एकेक दिवस वसतिगृहात थांबायचं, आणि ज्या दिवशी कुणी नसेल त्या दिवशी तुम्ही. मग ते म्हणाले, प्रत्येक मुलीच्या पालकाची लेखी संमती आणा. त्यांना वाटलं असेल, फडात पांगलेली माणसं, कुठून आणतील. मुलींनी मुकादमाच्या माणसाबरोबर, कुणा चुलत्याबरोबर कागद पाठवले. अंगठे उठून परत यायला लागले. माझा कागद मी पाठवलाच नाही. वडील काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. मी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून सहीच्या जागी वडिलांचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं आणि तुमच्या हातात दिलं.

तुम्ही कागदाकडे बघितलंत. मग माझ्या प्रवेशअर्जाची फाईल काढलीत. तिथं वडिलांचा अंगठा होता. तुमचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता, हळू आणि थंड. "अकरा मुलींचे कागद खरे आहेत. तुझा एक खोटा सापडला की अकराच्या अकरा कागद खोटे ठरतील. कळतंय तुला, कुणाच्या दाराला कुलूप लावत होतीस?" मी रडायला लागले. तुम्ही मला गप्प केलं नाहीत. कागदाचे दोन तुकडे केलेत, टोपलीत टाकलेत, आणि विचारलंत, "तुझे वडील कुठल्या कारखान्याला आहेत?"

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. नगरच्या स्टँडवर मला वडापाव दिलात आणि मुकादमाला फोन लावून फडाची वाट विचारून घेतलीत. शेवटचा टप्पा आपण उसाच्या ट्रॅक्टरच्या मागून चालत गेलो. मला आज हे लिहिताना तो पाचटाचा वास येतो. आई मोळी बांधते आहे, डोक्याला फडकं, हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. मला बघून तिला आधी वाटतं, कुणी तरी मेलं. वडील कोयता खाली न ठेवताच येतात.

"कावून आल्ता एवढ्या लांब? काय केलं हिनं?"

"काही केलं नाही," तुम्ही म्हणालात. माझ्याकडे बघितलंही नाहीत. "दिवाळीत हिला वसतिगृहात ठेवायचंय. तुमची परवानगी पाहिजे."

"दिवाळीत? दिवाळीत तिला बघाया येणार हायेत, मॅडम. आमी शब्द देऊन बसलोय. पोरगा टॅक्टरवर हाय. लई चांगली मानसं हायेत."

"असतील. हिची परीक्षा मार्चमध्ये आहे. वर्गात दुसरी आहे ती."

"शिकून काय करायचंय तिला? अन् येवढ्या मोठ्या इमारतीत एकटी पोर. काय झालं तर तोंड कुठं लपवू?"

मला वाटलं, आता तुम्ही व्याख्यान देणार. हक्क, कायदा, बैठकीत सांगायचात ते सगळं. तुम्ही तसं काहीच केलं नाहीत. बांधावर बसलात आणि आईला म्हणालात, पाणी मिळेल का. आईनं हंड्यातून तांब्या भरून दिला. तुम्ही पिता पिता संमतीचा नवा कागद तिच्यासमोर मांडीवर उघडून धरलात. आईला वाचता येत नाही. तिनं कोऱ्या जागेशेजारच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हितं काय लिवलंय?"

"पालकाची सही किंवा अंगठा."

"पालक म्हंजी?"

"मुलीला वाढवणारं माणूस."

आईनं बोट तिथून उचललं नाही. "मग मी पालक न्हाई का?"

"आहात."

वडील "अगं" एवढंच म्हणाले. तिनं हात पदराला पुसला आणि तुमच्या पर्समधल्या शाईच्या डबीत अंगठा दाबला. तिच्या अंगठ्यावर उसाच्या पात्याच्या इतक्या चिरा होत्या की ठसा नीट उठला नाही. दुसऱ्यांदा लावला. मग ती उठली आणि मोळीकडे परत गेली, जसं काही झालंच नाही. वडील आमच्याबरोबर डांबरी रस्त्यापर्यंत आले, तुमची पिशवी हातात घेऊन. गाडी येताना दिसली तेव्हा म्हणाले, "रातच्याला दाराला कुलूप कोण लावतं?"

"मी," तुम्ही म्हणालात.

"सोता?"

"स्वतः."

त्यांनी पिशवी तुमच्या हातात दिली. आत्याला निरोप त्यांनीच पाठवला, हे मला नंतर कळलं.

आईचा अंगठा चालणार नाही, वडिलांचाच पाहिजे, असं प्राचार्य म्हणाले तेव्हा तुम्ही त्यांचंच छापील पत्रक त्यांच्यासमोर ठेवलंत. त्यात पालक एवढंच लिहिलं होतं. त्या दिवाळीत आम्ही बारा जणी राहिलो. नरकचतुर्दशीच्या सकाळी तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसून ओळीनं सगळ्यांच्या डोक्याला तेल लावलंत. चुलीवर पाणी तापत होतं, थंडीनं दात वाजत होते, आणि क्लार्कबाईंनी घरून आणलेली चकली खाऊन आम्ही ओरडत होतो की कडक झालीय. मला त्याआधी कधी कुणी दिवाळीचं तेल लावलं नव्हतं. आई त्या दिवशी फडातच असायची.

सगळंच जमलं असं नाही. पाचव्या दिवशी शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचे वडील दोन माणसं घेऊन आले. आजी आजारी आहे, हिला बघायचंय म्हणते, असं म्हणाले. तुम्ही मुलीला एकटीला खोलीत नेऊन विचारलंत. ती खाली बघत म्हणाली, जाते. तुम्ही तिला जाऊ दिलंत. ती परत आली नाही. सुट्टीनंतर मंडळातल्या दोघींना घेऊन तुम्ही तिच्या गावी गेलात, तेव्हा तुम्हाला चहा दिला आणि पोरगी सासरी सुखात आहे असं सांगितलं. आजी ओट्यावर ठणठणीत शेंगा फोडत बसली होती. पुढच्या बैठकीत तुम्ही फळ्यावर एक नियम लिहिलात, आजारी माणसाशी आधी फोनवर बोलायचं. एवढंच लिहून पाठमोऱ्या उभ्या राहिलात. आम्हाला खडू खाली ठेवल्याचा आवाज आला, पण तुम्ही वळला नाहीत.

तो नियम अजून आहे, मॅडम. संमतीपत्रावर आता आईची ओळ वेगळी छापलेली असते आणि ती वर असते. दसऱ्याच्या आधीच आम्ही गावोगाव जाऊन कागद भरून घेतो, माणसं गाड्यांत बसायच्या आत. दिवाळीत वसतिगृह उघडं ठेवायला आता कुणाची परवानगी काढावी लागत नाही. मुलींना वाटतं, ते नेहमीच उघडं असतं. मी त्यांना काही सांगत नाही. त्यांना तसं वाटावं, यातच मला बरं वाटतं.

आणि एक गोष्ट, जी मंडळात कुणाला माहीत नाही. मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वसतिगृहावर थांबायची माझी पाळी होती. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ती सकाळपासून पाय धरून बसली. मी एका नव्या प्राध्यापिकेला फोन करून बरं नाही असं सांगितलं आणि घरी राहिले. तिला घेऊन पणत्या लावल्या. मला लाज वाटायला हवी होती, पण फार छान गेला तो दिवस. पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की तुम्हालाही घर होतं.

मागच्या आठवड्यातल्या त्या कार्यक्रमाला तुमची मुलगी आली होती. तुमच्यासारखीच उंच आहे, कपाळ तुमचंच. सगळे गेल्यावर ती खुर्च्या लावायला थांबली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "आमच्या लहानपणी आई दिवाळीत तुमच्याकडेच असायची. तेव्हा ती आमची आठवण काढायची का हो?"

"खूप," मी म्हणाले. "सारखी."

तिचा चेहरा उजळला. तिनं माझा हात घट्ट दाबला आणि गेली. हे पत्र मी कुठं पाठवू शकत नाही आणि मंडळाच्या फायलीतही लावणार नाही. तुम्ही काढतच असणार आठवण, मनात. पण आमच्यासमोर तुम्ही कधी काढली नाहीत, आणि तेल लावून घेताना तुमच्या मुलीच्या डोक्याला आज कोण तेल लावतंय, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.